किल्ली माझ्याकडेच आहे

९ सप्टेंबर २०२५
नाही म्हणाले! घर सोडून नऊ दिवस झाले, डिपॉझिटचा पत्ता नाही. शामसुंदरकाका, गंगापूर रोडचे आमचे घरमालक, फोनवर अगदी शांतपणे म्हणाले, "पितृपक्षात घरातली लक्ष्मी बाहेर काढत नाही." गेल्या वर्षी पितृपक्षातलं भाडं मात्र चाललं. तेव्हा लक्ष्मी आत येत होती ना!

साठ हजार. द्वारका चौकाजवळच्या या नव्या घराचं डिपॉझिट ललितच्या दादांकडून उसने घेऊन भरलंय. दिवाळीला फेडायचे. नाही फेडले तर फराळाच्या ताटावर जाऊबाई काय बोलतील ते मला आत्ताच ऐकू येतंय.

२२ सप्टेंबर
घट बसले. फोन केला. आता म्हणे रंगाचे वीस हजार कापणार. भिंतीत खिळ्यांची चौदा भोकं आहेत! मोजलीत मेल्याने. त्यातली नऊ आमच्या आधीची. ललित म्हणतो, जाऊ दे, वयस्कर माणूस आहे. माझा नवरा देवमाणूस. अशा देवमाणसांमुळेच असल्यांचं फावतं.

किल्ली माझ्याकडेच आहे. पैसे मिळेपर्यंत देत नाही.

२५ सप्टेंबर
काकांचा मेसेज — घर बघायला माणसं येतील, मला पंचवटीतून सारखं येणं जमत नाही, तुझं ऑफिस जवळ आहे, किल्लीही तुझ्याकडेच आहे, तेवढं दाखव.
दाखवतेच!

२७ सप्टेंबर
एक लिंबू कापलं, कुंकू माखलं, चार टाचण्या टोचल्या आणि ओट्याखाली कोपऱ्यात ठेवून दिलं. अकरा वाजता सिन्नरचं कुटुंब आलं. मी चकार शब्द बोलले नाही. त्यांच्यातल्या सासूबाई सिलिंडरची जागा बघायला वाकल्या, उठल्या, सुनेचा हात धरला आणि थेट लिफ्ट. मी खाली जाऊन मिसळ खाल्ली. रस्सा दोनदा घेतला. कित्येक दिवसांत इतकी भूक लागली नव्हती.

४ ऑक्टोबर
आणखी तिघं पळाले. पहिलं लिंबू वाळलं म्हणून ताजं ठेवलं. एका बँकवाल्याला ते दिसलंच नाही. त्याने विचारलं, तुम्ही घर का सोडलंत? मी सुस्कारा टाकून म्हटलं, "जाऊ द्या." तोही गेला. बसा आता रिकामं घर घेऊन!

८ ऑक्टोबर
काकांच्या बायकोचा, इंदिराकाकूंचा फोन. दबक्या आवाजात बोलत होत्या. माझं डिपॉझिट तीन वर्षांपूर्वीच आधीच्या भाडेकरूला देऊन टाकलं होतं म्हणे. नवीन माणूस आला की त्याच्या पैशांतून माझे. "आणि घराला कोणाची नजर लागलीये कोण जाणे गं, कुणी टिकतच नाही."

म्हणजे मी माझ्याच साठ हजारांवर लिंबू ठेवत होते! अक्कल गहाण टाकली होती मी. ललितला सांगितलं नाही. लाज वाटली.

९ ऑक्टोबर
लिंबू फेकलं. फरशी पुसली. भोकांत पांढरी टूथपेस्ट भरली. उदबत्ती लावली.

१२ ऑक्टोबर
दिशा नावाची मुलगी आली. सुरगाण्याची, नर्स, पहिलीच नोकरी. घर फार आवडलं. डिपॉझिटचे पैसे तिच्या आईने साठवलेत. निघताना दारात चप्पल घालत तिने विचारलं, "ताई, काका सोडताना डिपॉझिट नीट परत देतात ना?"

मी हो म्हटलं.