धाकट्याचा उजवा हात

आप्पा, धाकट्याच्या उजव्या हाताविषयी तुम्हाला सांगायचं आहे. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली. या काळात मी व्यसनमुक्तीच्या शेकडो सभांमध्ये बोलले, कुणाला घाबरले नाही, पण हे एक कुणापुढे बोलता आलेलं नाही.

तुम्ही फौजेतून नर्सिंगचं काम शिकून आलात आणि कडेगावच्या आसपासची गावं तुम्हाला मिलिटरी डॉक्टर म्हणू लागली. आपल्या स्वयंपाकघरात सकाळी स्टोव्हवर पहिलं पाणी चहाचं नसायचं, तुमच्या काचेच्या सिरिंजचं असायचं. आई चिडायची, "आवं, मानसांस्नी च्या तरी पिऊ द्या, मग उकळा तुमच्या सुया." तुम्ही घड्याळाकडे बघत उभे. एकदा धाकट्यानं उकळी फुटायच्या आतच सुई उचलली आणि तुम्ही चिमट्यानंच त्याच्या मनगटावर फटका दिलात. "एकाचं रगात दुसऱ्याला लागलं तर आपुन दवा न्हाई, रोग वाटतोय. ध्यानात ठेव." तो रडायच्या बेतात असताना तुम्ही तोच हात ओढून स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूला ठेवलात. "शीर डोळ्यानं शोधायची न्हाई रं, बोटानं शोधायची. दाबली की उसळती बघ." त्याचं तोंड फुललं. मला तुम्ही वाचनालयाचं सभासद केलंत, पुस्तकं दिलीत. त्याला ही बोटं दिलीत. मला त्याचा हेवा वाटायचा.

तो पुढे मुंबईला गोदीत कामाला लागला. तिथं गर्द ओढायला शिकला, मग ओढून भागेना तेव्हा सुईवर गेला. चौघांत एक सुई, न उकळलेली. तुमच्या शब्दांतला पहिला भाग त्याला आठवला नाही, दुसरा आठवला. शीर तो बोटानंच शोधायचा. रक्ताच्या तपासणीची चिठ्ठी घेऊन तो परत आला तेव्हा मी ती तीन वेळा वाचली. एचआयव्ही. तुमच्या वेळी या रोगाला नावही नव्हतं. मी मिळेल ते वाचून काढलं, त्याला घरात ठेवून घेतलं, वेगळी ताटवाटी मांडली नाही. त्यानं गर्द सोडल्याची शपथ घेतली. पण सांगलीहून कुणीतरी त्याला दुखण्यावरच्या इंजेक्शनच्या बाटल्या आणून द्यायचं, आणि त्या मला माळ्यावर ज्वारीच्या कणगीमागे सापडायच्या. मी भांडायचे. तो हसायचा. "आक्का, तुझं भाषान लय भारी. पिलेला बी टाळ्या वाजिवतो आन मग जाऊन पितो." मला राग यायचा, कारण ते खरं होतं. तरी मी बोलणं सोडलं नाही. व्यसनी माणूस मेला तरी त्याला विष विकणारा मोकळा फिरतो, हे मी ओरडून सांगत आले आणि सांगत राहीन.

त्या दिवशी रहिमतपूरला बायकांची सभा होती. मी साडी नेसून निघाले होते, तो चहाला आला. कप उचलला आणि हातातून सुटला. कप फुटला, चहा जमिनीवर, आणि तो हाताकडे बघत बसलेला. "आक्का, हात... कसातरी हुतुया." जीभ जड. शब्द एकमेकांना चिकटलेले. आप्पा, चौतीस वर्षांच्या माणसाची जीभ कशानं जड होते, याचं एकच उत्तर तेव्हा माझ्याकडे होतं.

"घेतलंस?"

"न्हाई गं."

"तोंडात शब्द मावंनात तुझ्या, आणि न्हाई म्हणतोस?"

"आईशप्पत, आक्का, न्हाई."

मी त्याला दंडाला धरून खोलीत नेलं, बाहेरून कडी घातली आणि उतरेपर्यंत पडून राहा म्हणाले. एसटी पकडली. रहिमतपूरला मी तासभर बोलले. आपल्या घरातला माणूस लपवू नका, त्याच्यावर दार लावू नका, असं बोलले. बायका रडल्या. मी हार हातात घेऊन दुपारी परत आले तेव्हा तो दाराजवळ जमिनीवर होता, तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात अंगाखाली कुणा दुसऱ्याचा असावा तसा. शेजारच्या मावशी धावत आल्या. "आवं बाई, अंगावरनं वारं गेलंय की ह्याच्या! कबुतराचं रगात चोळा आधी." मी जीप सांगितली आणि मिरजेला नेलं.

डॉक्टर तरुण होते, नीट समजावून सांगत होते. सुईतून जंतू रक्तात जातात, हृदयाच्या झडपेवर घर करतात, तिथून गुठळी सुटते ती थेट मेंदूत. शिवाय एचआयव्ही रक्तवाहिन्याही बिघडवतो. "दोन्ही एका माणसात आलं, बाई, की मग वय बघत नाही. जंतूंवर औषध देऊ. मूळ रोगावर आज माझ्याजवळ काही नाही. पण पुन्हा सुई टोचून घेतली, तर पुढच्या झटक्यातून मी त्याला काढू शकेन असं समजू नका." मग त्यांनी विचारलं, हे किती वाजता सुरू झालं? मी म्हणाले, तासाभरापूर्वी. मी, आप्पा. वॉर्डातले लोक त्याचं ताट दारातच ठेवून जात होते, त्यावरही मी तोंड उघडलं नाही. तिथून हाकलून लावतील ही भीती होती. गावात विचारलं तर सांगते, वारं गेलं. रोगाचं नाव घेत नाही.

आता दोन महिने होऊन गेले. बोलणं बरंचसं परत आलंय. मी रोज चहा देताना त्याला काहीतरी विचारते, उत्तरासाठी नाही, शब्द सुटे येतात का ते ऐकायला. शाळेत फळ्यावर लिहिताना मधेच वाटतं, आत्ता घरी तो पडला असेल. परवा म्हणाला, "आता तुझ्या भाषनाला टाळ्या कशा वाजिवू? येकच हात चालतुया." दोघं हसलो. आणि त्याच दिवशी संध्याकाळी तलफेनं तळमळत, घामानं सदरा भिजलेला, असा तो माझ्याकडे बघून म्हणाला, "डाव्या हातानं शीर घावत न्हाई गं. तू दे. येकदाच. तू आप्पांची लेक हायस." मी अंगणात जाऊन उभी राहिले. दया आली होती, आणि मी देईन की काय याचीच भीती वाटत होती.

डॉक्टरांनी रबराचा चेंडू दिला आहे. सकाळ-संध्याकाळ त्याच्या मुठीत ठेवायचा, बोटं एकेक करून दाबायची, सोडायची. केलं तर हात येईल म्हणाले, तरुण आहे. पहिले पंधरा दिवस मी नेमानं केलं. मग संध्याकाळचं राहू लागलं. मग सकाळी वह्या तपासायच्या निघाल्या. हा हात परत आला तर पहिल्यांदा कुठे जाईल, ते मला माहीत आहे. म्हणून तो घासाची वाट बघत बसतो, मी भरवते, आणि मला हायसं वाटतं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहून होतंय. आज त्यानंच हट्ट केला, चेंडू आण म्हणाला. मी मुठीत ठेवला. त्यानं डोळे घट्ट मिटून, दात आवळून सगळा जीव त्या हातात घातला. आणि करंगळी हलली. थोडीशी, पण मी स्वतः पाहिली.

"आक्का, हललं का गं?"

मी म्हणाले, "नाही रे."