बोट, मूठ, डोकं, माणूस

बाबा, आज साइटवर तुझी पद्धत वापरली आणि ती कामाला आली, एवढंच सांगायला बसले होते. पण माझं एवढ्यावर भागत नाही, हे तुला ठाऊक आहे.

दगडखाणीत तू भोकं पाडायचास, सुरुंग भरायचास. यंत्राचा दांडा मध्येच धपकन खाली गेला की दगडाच्या पोटात पोकळी आहे, हे कळायचं. तशीच दारू ओतली तर ती पोकळीत साठते आणि दगड उडून वस्तीपर्यंत जातात. म्हणून आधी पोकळीचा प्रकार ठरवायचा. बोट जाईल ती बोट, मूठ जाईल ती मूठ, मग डोकं, आणि सगळ्यात मोठी ती माणूस. लहानपणी एकदा मी डबा घेऊन येते आणि तू विचारतोस, "ही कोन्ती, सांग." मी पोकळीचं नुसतं वरचं तोंड बघून सांगते, "मूठ." दारू अजून कोठीतच असते, तू अगरबत्ती पेटवून भोकाशी धरतोस. सरळ वर जाणारा धूर वळून आत खेचला जातो. "तोंड मुठीचं हाय. पोट कवडं हाय, कोनाला ठाव? आधी धूर घाल, मंग नाव दे." ते भोक तू त्या दिवशी भरलं नाहीस.

पुढे भूगर्भशास्त्र शिकले आणि मला शिंगं फुटली. जेवताना तुला ऐकवलं, की शास्त्रात हे सगळं सेंटिमीटरमध्ये मोजतात, सूक्ष्म, मध्यम, मोठी अशी पोकळ्यांची नावं आहेत, आणि माणूस शिरू शकला तरच तिला गुहा म्हणतात. तू भाकरी मोडत म्हणालास, "म्हंजे शेवटाला मानूसच ना?" मी ताटावरून उठले. त्याची आजही लाज वाटते.

ऐरोलीच्या वरच्या अंगाला टॉवरसाठी डोंगर कापलाय, तिथला दगड तपासून सही करायचं काम माझं. कापाच्या वर बारा घरांची चाळ आहे. कापात मुठीएवढं भोक निघालं आणि कंत्राटदाराच्या माणसाने कागदावर 'लहान पोकळी' लिहून टाकलं. "मॅडम, टेन्शन नका घेऊ. दोन गोणी सिमेंट ओतलं की विषय संपला." मी वॉचमनच्या देवापुढची अगरबत्ती मागून घेतली. सगळे हसत होते. धूर आत गेला तो गेलाच. मग कॅमेरा सोडला, तर हातभर आत माणूस आरामात मांडी घालून बसेल एवढी जागा, आणि ती थेट चाळीच्या खाली. मी 'लहान' खोडून 'गुहा' लिहिलं, काम बंद केलं आणि घरं रिकामी करायला लावली. आरडाओरडा झाला, वरून फोन आले. काम बंदच्या कागदावरची सही मी मागे घेतली नाही. अशा वेळी मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही, तो गुण तुझाच.

संध्याकाळी मोठे साहेब आले. कॅमेऱ्यातलं चित्र दोनदा बघितलं आणि म्हणाले, "धुराचं हे कुठे शिकलात?"

मी कॉलेजचं नाव सांगितलं. बारा घरांसाठी दिवसभर भांडले, बाबा, आणि माझा बाप खाणीत सुरुंग भरायचा, एवढं एक वाक्य मला बोलता आलं नाही.