गार लागतंय का, असे विचारणाऱ्या भूलतज्ज्ञाची स्वतःविरुद्ध तक्रार

प्रति,
माननीय वैद्यकीय अधीक्षक,
प्रसूती रुग्णालय.

विषय : माझ्याविरुद्धची तक्रार माझ्याकडूनच दाखल करून घेणे व उद्याच्या सिझेरियनसाठी दुसरा भूलतज्ज्ञ नेमणे.

संदर्भ : आपले उत्तर, 'तक्रार रुग्णाने अथवा नातेवाइकाने करावी.'

महोदय,

सविनय सादर करतो की, गेल्या आठवड्यात शिवणकाम करणाऱ्या एका बाईंच्या सिझेरियनला भूल मी दिली होती. कमरेत इंजेक्शन दिल्यावर पोट बधिर झाले का, हे पाहण्यासाठी आम्ही बर्फाचा तुकडा फिरवून विचारतो, "गार लागतंय का?" बाई म्हणाल्या, "थोडंसं लागतंय." सर्जन मॅडम हातमोजे घालून खोळंबल्या होत्या, बाहेर पुढची केस होती. मी "होईल आता" म्हणालो आणि मॅडमना सुरू करायला सांगितले.

बाई किंचाळल्या. मी मात्र "नुसता दाब आहे, घाबरू नका" हेच घोकत राहिलो. पूर्ण भूल देण्याची अक्कल मला बाळ बाहेर आल्यावर सुचली. याची मला अतोनात लाज वाटते.

आपल्या उत्तरानंतर मी बाईंकडे गेलो व तक्रार करा म्हणून हात जोडले. त्या म्हणाल्या, "बाळ सुखरूप आहे ना, मग कशाला? उलट तुम्हीच माफ करा, मी उगाच आरडाओरडा केला." मेल्याहून मेल्यासारखे झाले. तक्रारीसाठी मी नेलेल्या कोऱ्या कागदावर त्यांच्या यजमानांनी माझे आभार लिहिले, आणि आपण ते सूचनाफलकावर लावले. ते कृपया आजच काढावेत. मी बाईंचा कोणी लागत नाही, सबब नातेवाईक म्हणूनही माझी तक्रार चालत नाही, हे आपल्या लिपिकाने मला दोनदा समजावले आहे.

आता मुख्य मुद्दा. उद्या त्याच बाईंच्या धाकट्या बहिणीचे सिझेरियन आहे आणि दोघींनी हट्टाने मलाच मागितले आहे. आज तपासायला गेलो तेव्हा थोरली तिच्या उशाशी बसून शिकवत होती, "ते बर्फ लावून विचारतील. काही लागत नाही म्हणायचं. डॉक्टर फार चांगले आहेत गं, त्यांना त्रास नको."

खरे तेच सांगा, असे मी परोपरीने विनवले. "हो हो, डॉक्टर," म्हणून दोघी हसल्या.

तरी उद्या कृपया दुसऱ्या कोणाला तरी पाठवावे. मी विचारले तर ती मुलगी माझ्या मनाला लागू नये म्हणून 'नाही' म्हणेल.

आपला लज्जित व नम्र,
(सही)
भूलतज्ज्ञ

दिनांक : शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी