पाणचक्कीच्या पलीकडे

अब्बा, ते फाटक अजून आहे. लाकूड नवं आहे, पण जागा तीच, चर्चच्या मागची गल्ली संपून ओढ्याकडे उतार लागतो तिथं. तुमची नात इंग्लंडात राहते, तिनंच मला गाडीतून त्या गावी नेलं. मी तिला म्हणाले, आता एक मोठं झाड येईल, तिथं डावीकडे वळ. झाड नव्हतं, पण वळण होतं. पोरीनं गाडी थांबवली, माझ्याकडे बघितलं आणि इंग्रजीत विचारलं, तू इथं कधी आली होतीस? तिला काय सांगणार? मी म्हटलं, लहानपणी रोज यायचे. तिला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं. खरं तर मी खोटं बोललेच नव्हते.

आता आखातात, फरवानियातल्या घरी परत येऊन खिडकीशी लिहायला बसले आहे. खाली बसचे हॉर्न, पैसे पाठवायच्या दुकानापुढे रांग, आणि समोर इतक्या इमारती की आकाश मान वर करून शोधावं लागतं. तुम्ही आम्हाला आणलंत तेव्हा इथं काय होतं? दोन खोल्यांचं मातीचं घर आणि मागच्या दाराबाहेर थेट वाळू. तुम्ही बंदरात टगबोटीच्या इंजिनवर. पहाटेची नमाज झाली की पँट गुडघ्यापर्यंत दुमडायची, कॅनव्हासचे बूट चढवायचे आणि वाळूत धावायला निघायचं. त्या काळात आपल्याकडचा कामावरचा माणूस पाठीमागे कुत्रं लागल्याशिवाय धावत नसे. शेजारचे हसायचे. आई दारात उभी राहून पुटपुटायची, "वाऱ्याच्या मागं लागलेत. गावला की घेऊन या घरी, चुलीत घालू." पण परत आलात की तुम्ही आधी पाणीसुद्धा पीत नव्हतात. धापा टाकत थेट आतल्या खोलीत यायचात आणि माझ्या नाकापुढे तळहात धरायचात. माझी झोप रोज त्या हातानं मोडायची. वाळूचा आणि घामाचा वास. श्वास लागला की हात निघून जायचा. मला वाटायचं, सगळ्यांचे बाप असंच करत असतील.

मग एक दिवस मीच म्हणाले, मला पण न्या. आईनं कपाळाला हात लावला. "पोरीची जात हाय. उद्या लग्न करायचा हाय तिचा!" तुम्ही म्हणालात, "धावली म्हणून काय पाय झिजतील तिचे?" आणि नेलंत. तुमची वाट ठरलेली. चुना फासलेलं पाण्याचं पिंप म्हणजे चर्च. तिथून मोठ्या झाडाशी डावीकडे गल्ली, दोन्ही बाजूंना काटेरी झुडपांचं कुंपण, अंगाला लागेल म्हणून आपण एकामागं एक. पुढं फाटक. तिथं काहीही नव्हतं, अब्बा. एक खांबसुद्धा नव्हता. पण तुम्ही थांबायचात, हातानं कडी काढायचात, मला आत सोडायचात आणि मागून म्हणायचात, "फाटक लाव गो, गुरां बाहेर जातील." अख्ख्या फरवानियात गाय नव्हती, तरी मी मागं येऊन फाटक लावायचे. मग ओढा. कोरड्या वाळूवरून आपण दोघं उडी मारायचो. मग चढण, आणि चढणीच्या टोकाला कोणीतरी टाकून दिलेली गंजकी पाण्याची टाकी. ती पाणचक्की. तिला हात लावायचा आणि माघारी वळायचं. जाताना तुम्ही सारखे बोलायचात, इथं ससे दिसतात, इथल्या म्हातारीच्या अंगणात सफरचंदं पडतात. येताना एक शब्द नाही. येताना तुम्ही असे धावायचात की मी रडकुंडीला यायचे.

टाकीच्या पुढं काय आहे, हे मी किती वेळा विचारलं असेल. तुम्ही ऐकलंच नाही असं करायचात. एकदा पहाटेपासून धूळ उठली होती, इथले लोक तिला तोज म्हणतात. समोरचं काही दिसत नव्हतं. मी पुढं होते, टाकीला हात लावला आणि वळले नाही. सरळ पुढं गेले. मागून हाक आली. माझ्या नावाची नाही. ज्या नावानं घरात कोणी कोणाला हाक मारत नव्हतं, त्या नावाची. चाचाच्या, तुमच्या भावाच्या. आणि तो आवाजही तुमचा नव्हता, कोणा तरण्या पोराचा होता. मी माघारी वळले. परत आले तेव्हा तुम्ही टाकीला टेकून वाळूत बसला होतात आणि तुमच्या तोंडावर धुळीतून दोन ओल्या रेघा उतरल्या होत्या.

तिथंच तुम्ही सांगितलंत. लढाईच्या दिवसांत तुम्ही दोघं भाऊ एकाच जहाजावर होतात, इंजिनखोलीत. जहाज बुडालं. तुम्हाला पाण्यातून काढलं, त्यालाही काढलं, पण पेटलेल्या तेलाचा धूर त्याच्या छातीत गेला होता. इंग्लंडातल्या त्या गावच्या छोट्या दवाखान्यात दोघांना ठेवलं. तुमचे पाय आखडले होते, डॉक्टर म्हणाला रोज चाल, जमलं तर धाव. चाचाच्या खाटेला खिडकी होती, पण बाहेर नुसती भिंत. म्हणून तुम्ही धावून यायचात आणि त्याला सगळं सांगायचात. फाटक, ओढा, ससे, म्हातारीची सफरचंदं. तो डोळे मिटून ऐकायचा आणि म्हणायचा, उद्या थोडा पुढं जा. असं करत करत तुम्ही पाणचक्कीपर्यंत पोचलात. एक दिवस तो म्हणाला, "आज चक्कीच्या पुढं जा. पुढं काय हाय ता बघून ये, मग मना सांग." तुम्ही गेलात. इतकं काही बघितलंत की येताना कधी एकदा सांगतो असं झालं होतं, फाटकसुद्धा उघडं टाकून आलात. आणि खाटेवर नर्सांनी चादर त्याच्या तोंडावर ओढलेली होती.

"मग पुढं काय होतं?" मी विचारलं. लहान होते, मला तेवढंच कळत होतं. तुम्ही उठलात, कपडे झटकलेत. "ता त्याला पहिला सांगायचा हाय," म्हणालात. "त्याच्या आधी तुना कसा सांगू?" आणि आपण घराकडे धावत निघालो, नेहमीसारखं, जणू अजूनही वेळेवर पोचता येईल.

तुम्ही गेलात ते बंदरातच, कामावर. मी तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्षाला होते. तुम्हाला इथल्याच वाळूत पुरलं. त्यानंतर किती तरी दिवस पहाटे आई मागचं दार लोटून ठेवायची, कडी लावायची नाही. मी लावली तर उठून परत काढायची. "त्येंची पावलां वाजतत," म्हणायची, अगदी साध्या आवाजात, दूधवाला आला म्हणावं तसं. मला वाजताना ऐकू आली नाहीत. पण खोटं कशाला सांगू, पहाटे नाकापुढे ऊब जाणवायची आणि मी डोळे उघडायचे नाही. मी श्वास जरा जोरानं सोडायचे, तुम्हाला कळावा म्हणून. मागच्या वाळूतली तुमची पायवाट वाऱ्यानं बरेच दिवस बुजली नाही. मग तिच्यावर घरं उठली. ती टाकी कोणीतरी तोडून अम्गऱ्याच्या भंगारबाजारात नेली. तेव्हा मला वाटलं, सुटलो आपण. काही सुटलो नाही. लग्न झालं, पोरं झाली, आणि त्यांच्या नाकापुढे हात धरायला मीच उठू लागले.

म्हणून गेले, अब्बा. तुम्ही जे त्याला पहिलं सांगणार होतात ते बघायला. फाटकातून गेले, ओढा ओलांडला. आता त्यावर छोटा पूल आहे, पण माझा पाय उडी मारायला आपोआप उचलला. गुडघ्यानं शिव्या दिल्या. पाणचक्कीत आता कोणीतरी राहतं, दाराशी कुंड्या आणि गाडी. तिथं माझे पाय थांबले. पोर म्हणाली, चल की. मी भिंतीला हात लावला आणि या खेपेलाही वळले नाही. पुढं काय होतं सांगू? नव्या घरांची रांग, कचऱ्याच्या पेट्या, गाड्या उभ्या करायची जागा. तुम्ही जे बघितलं होतं ते कधीच पुसून गेलंय. मला तुमचा राग आला. खरंच आला. एवढं जपून ठेवलंत आणि बरोबर घेऊन गेलात, त्याला नाही की मला नाही.

मग चर्चमागं गेले. चाचाची कबर शोधावी लागली नाही. सगळे दगड एका रांगेत सरळ, आणि कोपऱ्यात एकच तिरकी. खड्डा किब्ल्याच्या, नमाजाच्या दिशेच्या हिशेबानं आडवा खणा म्हणून तुम्ही त्या लोकांशी भांडला होतात, हे आई सांगायची. गवतात बसून फातिहा वाचली. तो गेला तेव्हा माझ्या नातवापेक्षाही लहान होता, मला काही त्याला तुम्ही म्हणवेना. मी म्हणाले, "अरे चाचा, चक्कीच्या पुढं वाळू हाय. नुसती वाळू. त्या वाळूतना तुझा भाव धावत येतोय. रोज सकाळी येतोय. जरा वाट बघ." त्याला दुसरं सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. पण जे सांगितलं ते मी डोळ्यांनी बघितलेलं आहे.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही. लिहून झालं की घडी घालीन आणि आईच्या कुराणाच्या बासनात ठेवीन. एक तेवढं राहिलं, ते मी पोरीलाही कळू दिलं नाही. ते फाटक आता स्प्रिंगचं आहे, माणूस गेला की आपोआप बंद होतं. निघायच्या आधी मी पुन्हा तिथवर गेले आणि एक चांगला जड दगड लावून ते उघडं ठेवून आले, धावत येताना तुम्हाला थांबायला नको म्हणून. गुरं काही नव्हती, अब्बा. मी बघून घेतलं होतं.