मंगळावरचा तुमचा हात

आबा, तुमचा हात पुसून टाकला त्यांनी. गेल्या रविवारी मी लेकीला घेऊन मुद्दाम पिंपरीपर्यंत गेले, का तर तुमचा तो मंगळावरचा सिनेमा नव्यानं लागलाय, रंग उजळून, मोठ्या पडद्यावर. तुम्ही गेलात तेव्हा ती माझ्या पोटात होती. आपल्याकडं तुमचा फोटो एकच, निवडणूक ओळखपत्रातला, गळ्यापर्यंतचा. हलताना तुम्ही दिसता ते अख्ख्या जगात एकाच ठिकाणी, त्या सिनेमात, आणि तेही नुसता हात, पापणी लवेपर्यंत. टीव्हीवर तो लागेनासा होऊन जमाना झाला. एकदा आजोबांचा हात दाखवीन म्हणून मी तिला लहानपणापासून कबूल केलं होतं.

कुसगावच्या त्या बंगल्यात शूटिंगवाले उतरले होते, आणि तुम्ही तिथं खिडक्या दुरुस्त करायला गेलात ते मंगळच बनवून आलात. लाल जमीन कशाची करावी म्हणून ती माणसं डोकं धरून बसलेली. तुम्ही लोणावळ्यातून चिक्कीच्या चुऱ्याची दोन पोती आणलीत, फळ्यांवर गुळाचा पाक ओतलात आणि वर चुरा पसरलात. दिव्यांखाली ते असं काही चमकायला लागलं की कॅमेरावाल्यानं तुम्हाला मिठीच मारली म्हणे. यान तर आपल्याच घरातलं. आई दारात उभी राहून ओरडतेय, "आवं, माझी पिठाची चाळण कुटं हाय?" आणि तुम्ही चपला काढता काढता म्हणताय, "मंगळावर गेलीया. यील की दोन दिसांत." आई आठवडाभर धुसफुसत होती.

गुळाला मुंग्या लागतात हे शेंबड्या पोरालाही कळतं. तुम्हाला नाही कळलं, नादच तसा लागलेला. तिसऱ्या दिवशी चाळण तारेवरून खाली उतरतेय, कॅमेरा चालू, आणि मंगळावर मुंग्यांची रांग. तुम्हाला काही राहवलं नाही. हात घातलात आणि एक मुंगी टिचकीनं उडवलीत! करवतीत अर्धं गेलेलं ते बोटसुद्धा आलं सगळं. फिल्म संपत आली होती, दिवे परत करायचे होते, सिनेमा काढणारे साहेब म्हणाले राहू द्या. तुम्ही घरी येऊन सांगितलंत, "अगं, हात गेला माझा पिच्चरमदी!" आई दचकलीच, आणखी एक बोट गेलं की काय म्हणून. तुम्ही किती हसला होता त्या दिवशी.

आता त्या जागी कॉम्प्युटरवर काय करून घातलंय सांगू? वाळूच्या टेकड्या, धुळीचे लोट, आभाळात दोन चंद्र. यान चकचकीत, खालून निळा जाळ सोडत येतं. कुठं म्हणून नाव ठेवायला जागा नाही, आणि मला तिथं बघण्यासारखं काही उरलं नाही. चाळण नाही, गूळ नाही, मुंगी नाही. मी लेकीचं मनगट घट्ट धरून बसलेले, आता बघ हं, आता बघ म्हणत. यान उतरलं. दार उघडलं. माणसं बाहेर येऊन चालायलाही लागली. "आई, येऊन गेला का गं हात? माझं लक्ष नव्हतं का?" ती कुजबुजली. मी तिचं मनगट सोडलं, आबा.

बाहेर दारावरच्या माणसाला विचारलं, जुना होता तसाच कुठं बघायला मिळेल का. तो म्हणाला, "जुना कशाला मॅडम? यात सगळ्या चुका काढल्यात." तळपायाची आग मस्तकात गेली. अरे मेल्या, चूक कुणाला म्हणतोस? पण हे मनातल्या मनात, आणि लेकीला घेऊन पायऱ्या उतरले. लेकीनं फोनवर शोधलं, तर तिथंही नवाच. वडगावला घरी येईपर्यंत मी रडत होते आणि ती माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. तिला वाटलं, मी त्या सिनेमावाल्यांवर चिडून रडतेय.

तसं नव्हतं. तिला जे सांगितलं नाही ते तुम्हाला लिहिते. हे पत्र कुठं पाठवायचं नाही म्हणूनच लिहवतंय. लोणावळ्याच्या टॉकीजला तो सिनेमा पहिल्यांदा लागला तेव्हा शाळेनं आम्हाला नेलं होतं, मी सहावीत. तुम्हीही आला होता, इस्त्रीचा सदरा घालून. पडद्यावर हात आला आणि सगळी टॉकीज खो खो हसली. शेजारच्या मैत्रिणीनं मला ढोसलं, "ए, कुणाचा गं ह्यो हात? बोट बी तुटकं हाय!" मी म्हणाले, "मला काय ठावं?" आणि सगळ्यांत मोठ्यानं हसले.

घरी येताना तुम्ही तो हात सदऱ्याच्या खिशात घातला होता. पुढं कुणी फोटो काढायला आलं की तो पाठीमागं जायचा. आबा फोटोला लाजायचे, असं मी अजून लोकांना सांगते. तुम्ही माझं बोलणं ऐकलंत का, हे मी कधी विचारलं नाही. विचारायचं काय होतं? तुम्ही माझ्या मागच्याच रांगेत बसलाय, हे मला तेव्हाही माहीत होतं.