मायच्या फोटोची फाईल

२३ ऑगस्ट, शनिवार. पोळ्याची कर.

आधी कोण टपकलं तर सौंसरची सिंधू. माही लहान बहीण. मागून राजू, तिचा पोरगा, फटफटी लावून आला. गोटमारीच्या दिवशी पांढुर्ण्यात कोणी पाहुणा येते का? रस्ते बंद, सारं गाव नदीवर दगडफेकीला. काहून आली वो आज, विचारलं. तुह्या हातचं पुरण खाऊ वाटलं म्हणे. खोटं. दोन घास खाल्ले अन् पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेला मायचा फोटो काढला.

फोटोत माय नाहीच. कपाळापासून हनुवटीपर्यंत लालच लाल.

माय बाबांच्या आधी गेली, भाऊ आम्हाला नाही, म्हणून पितरपाटातली सवाष्णींची नवमी सिंधूच करते. फोटोला कुंकू लावते. मागच्या साली काच फुटली, हिनं नवी बसवली नाही, ओलं कुंकू थेट कागदावर. त्यानं वर्षभर खाल्लं. आमच्याकडे हा एकच फोटो. माय गेली तेव्हा मी नऊची, सिंधू चारची. मला थोडीफार आठवते माय. सिंधूला फोटोतलीच तेवढी ठाऊक.

रडली नाही. एवढंच म्हणे, "बाई, माह्या हातानं माय पुसली मी."

राजू तिला समजावून राहिला. त्यानं म्हणे लई वर्षांमागं सौंसरच्या एका स्टुडिओत फोटो मशीनखाली घालून कॉम्प्युटरात घेतला होता. फाईल आहे मोबाईलात, पण उघडत नाही. करडा चौकोन दिसते नुसता.

माही नात मयूरी बी.एस्सी. करते. मोबाईल हातात घेऊन म्हणे, आजी, ही टिफ आहे.

२४ ऑगस्ट, रविवार

पाहुणे मुक्कामी राहिले. बरं झालं.

टिफ म्हणजे काय ते सकाळपासून समजून घेऊन राहिली. मयूरी म्हणे फोटो तोच, बांधायची रीत वेगळी. टिफची गाठ मोबाईलला सोडता येत नाही, जेपीजीची येते. ह्या रीतीतून त्या रीतीत न्यायचं, बस.

पण आत असते काय? नंबर, म्हणे. फोटोचे बारीक बारीक ठिपके, एकेका ठिपक्याला त्याच्या रंगाचा नंबर. मायच्या नथीलाही आहे का? "आजी, नथीला तर हजार असतील." बाप्पा. चौथी शिकली मी, शंभरापर्यंत मोजून दमते, अन् मायच्या नथीतच हजार.

राजूच्याच मोबाईलवर केलं. नेट रडत होतं. गोल फिरे, थांबे, फिरे. सिंधू देवघरासमोर बसावं तशी मोबाईलसमोर बसली. अन् उघडली माय! मागं रंगवलेला पडदा, डोक्यावर पदर, एक भुवई जराशी वर. मी विसरली होती ती भुवई. रागावली की तशीच करे.

सिंधू म्हणे, "मायचे डोळे परत आले वो बाई. मले वाटलं कुंकवानं खाल्लेच."

मयूरीनं फोटो व्हॉट्सॲपवर माह्या मोबाईलातही टाकला. दुपारी गेले दोघं.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती बसले. मोदक फाटले चार. मायला मोबाईलात पाच वेळा पाहिलं.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

मयूरीला धरून बसवलं. एका रीतीतून दुसऱ्या रीतीत नेताना काही सांडते का? हाव म्हणे. जेपीजी डोळ्याला न दिसणारं गाळून टाकते, म्हणून फाईल हलकी होते. मी म्हटलं, डोळ्याला काय दिसत नाही ते ठरवलं कोणं? ज्यानं ठरवलं त्याला माह्यासमोर सुईत दोरा ओवायला बसवा एकदा.

अन् गाळलेलं परत भरता येते का? नाही. जेपीजीची पुन्हा टिफ केली तर? नाव टिफचं, आत तेवढंच. म्हणजे चाळलेल्या पिठाला कोठीत टाकलं तरी कोंडा परत येत नाही. समजलं.

पण मग त्या गाळलेल्यात मायचं काय गेलं असेल, हे काही डोक्यातून जाईना.

४ सप्टेंबर, गुरुवार

महालक्ष्म्या उठल्या, आज फुरसत. मयूरीसंगं मायचा फोटो कागदावर काढून आणायला बाजारात गेली. नवमीला मोठा, काचेचा करून सिंधूला द्यायचा. दुकानवाल्यानं मोठा करून दाखवला तर माय रव्याची झाली. डोळ्यांच्या जागी दोन चौकोन. म्हणे काकू, ही फाईल बोटाएवढ्या फोटोची आहे, मोठी असेल तर आणा.

मयूरीचं तोंड उतरलं. रस्त्यात बोलली. कॉलेजचे फॉर्म भरून भरून तिला सवय पडली, फोटो पन्नास केबीच्या आत बसवायचा. मायलाही तसंच बसवून दिलं. रडायला आली. म्हटलं, चूप, टिफ आहे ना राजूजवळ, त्यातून मोठा काढू.

घरी येऊन सिंधूला फोन लावला. टिफ नाही. तिनंच पुसायला लावली. मोबाईल भरला होता, अन् नवा फोटो निघाला तर जुनी फाईल कशाला, म्हणे. मोडीत भांडं देऊन नवं घेतलं की जुनं परत घरी आणतं का कोणी? राजूनं मोबाईलच्या कचऱ्याच्या डब्यातूनही काढून टाकली. त्याला वाटलं मयूरीनं मोठाच केला असेल.

तिला बोलली नाही मी. तिच्या जागी मीही तेच केलं असतं.

९ सप्टेंबर, मंगळवार

पितरपाट लागलं. सिंधूचा फोन. राजू सौंसरच्या त्या स्टुडिओत जाऊन आला. स्टुडिओ कधीचा बंद. तिथं आता चपला विकतात.

पण राजूला आठवलं, स्टुडिओवाल्यानं फाईल सीडीत घालून दिली होती. मी इकडून ओरडली, मग सीडी कुठं आहे? सिंधू हळूच म्हणे, "बाई, बगीच्यात."

संत्र्याला पाखरं येतात म्हणून दोन साल झाले, घरातल्या साऱ्या जुन्या सीड्या सुतळीनं झाडांना बांधल्या. चमकतात, पाखरं भितात. अन् माय तिकडे कुठंतरी झाडाला लटकून राहिली. मला हसू आलं, मग तिलाही. फोन ठेवल्यावर हसू नाही आलं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

मयूरीला विचारलं, दोन साल उन्हापावसात राहिलेली सीडी बोलते का? चांदीसारखा थर असते म्हणे, त्याच्यातच सारे नंबर. थर उडाला की नंबर गेले. ओरखडे असले तर कधी वाचते, कधी नाही. बघून सांगता येत नाही, लावूनच पाहावं लागते. तिच्या लॅपटॉपात सीडीची जागाच नाही, मैत्रिणीकडून बाहेरून जोडायचं यंत्र आणलं. लग्नाची जुनी सीडी लावून पाहिली, चालते. मैत्रिणीच्या आईच्या लग्नाची. नवरदेव झोपेत होता.

१३ सप्टेंबर, शनिवार

सौंसरहून फोन. राजूनं झाडं शोधून अकरा सीड्या उतरवल्या. नाव एकीवरही उरलं नाही, उन्हानं खाल्लं. दोन आरपार दिसतात म्हणे. मी म्हटलं, त्याही आण, फेकू नको काही. मयूरी म्हणे सापडली तर यावेळी टिफला हात लावायचा नाही, आधी तिच्या तीन नकला करायच्या, मग त्यातल्या एकीची जेपीजी.

सोमवारी नवमी. यंदाची नवमी इथंच करू म्हणाली सिंधू, पहिल्या बसनं दोघं येतो, अकराच्या अकरा घेऊन. स्वयंपाक मी उजाडायच्या आत उरकते म्हटलं. तर म्हणे, मायचं पान मागून वाढ बाई, आधी सीड्या लावू.