वजन करून फेकायची पूड

कणकवली, सोमवार संध्याकाळ, जानेवारी १९८८

ती पिवळी पूड डोक्यातून जात नाही. मुंबईला संशोधन करणारी माझी मैत्रीण नंदा दुपारी कॉलेजात आली आणि सहज म्हणाली, परदेशात दोघा संशोधकांनी ॲल्युमिनियम-ऑक्सिनच्या पातळ थरातून वीज सोडली, तर हिरवा उजेड पडला. ॲल्युमिनियम-ऑक्सिन! म्हणजे द्रावणात ॲल्युमिनियम किती ते मोजायला ऑक्सिन हे रसायन घालून काढतो, ती आमच्या प्रॅक्टिकलचीच पूड. मुलं ती गाळतात, वाळवतात, वजन करतात आणि बेसिनमध्ये ओततात.

नंदाची एसटी सुटली तशी मी लॅबकडे धावले. चिमूटभर पूड अतिनील दिव्याखाली धरली. काय हिरवी पेटली! लॅब सांभाळणारे सदाभाऊ कुलूप घेऊन उभे होते. वाकून बघितलं नि म्हणाले, "बाई, ही तर आमी रोज टाकून देतंव!"

दिव्याखाली चमकते हे ठीक. पण हिच्यातून वीज सोडून बघावी, हे सुचलं कसं त्या दोघांना? आपल्या टोपातला धातू, त्याला बिलगलेले ऑक्सिनचे तीन रेणू, आणि उजेड. हेवा नाही वाटला, खरंच. हात जोडावेसे वाटले.

लॅबच्या फळ्यावर माझ्याच अक्षरात आहे: 'वजनानंतर पूड टाकून द्यावी.' उद्या आधी ती ओळ पुसायची.